ऐकू आल्याचं बोट

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या सरांइतकं ऐकण्याविषयी जाणणारा माणूस अख्ख्या पुण्यात दुसरा नसेल, आणि त्यांच्याइतकं कमी ऐकणाराही. दोन्ही विधानं मी जबाबदारीने करते आहे. धायरीतल्या आमच्या सोसायटीची मी सेक्रेटरी. कोणाची गळती, कोणाचं पार्किंग, टँकर कधी, लिफ्टवाला कधी, हे सगळं मी रोज सकाळी कागदावर उतरवते, तो कागद फ्रीजच्या दारावर लावते आणि संध्याकाळपर्यंत एकेक ओळ खोडते. न खोडलेली ओळ मला सहन होत नाही. पण त्या कागदावर एक ओळ अशी आहे, की ती मी रोज लिहिते आणि कधीच खोडत नाही: ‘सर.’ ते काम संपणारं नाही, हे मला समोर राहायला आल्यावर लवकरच कळलं.

दिसायला सर म्हणजे उभी काडी. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, आणि कान मात्र ऐसपैस. निसर्गाने उपकरण सढळ हाताने दिलं आणि नंतर कनेक्शन तोडलं, असं काहीतरी झालं होतं. सगळी नोकरी त्यांनी एका प्रयोगशाळेत काढली आणि ती सगळी एकाच प्रश्नावर काढली. आपल्याला वाटतं की आवाज कानात शिरतो आणि मेंदूकडे जातो, विषय संपला. सर म्हणत, “हा झाला जायचा रस्ता. यायच्या रस्त्याचं काय?” म्हणजे मेंदूकडून कानाकडेही मज्जातंतू येतात म्हणे, वरून खाली हुकूम घेऊन, की हा आवाज जरा कमी कर, तो जरा येऊ दे. आणि या जायच्या-यायच्या वाटेवर जागोजागी मेंदू स्वतःच तयार केलेली अफूच्या जातीची द्रव्यं वापरतो. त्यांची नावं एन्केफॅलिन, डायनॉर्फिन अशी काहीतरी आहेत. वेदना कमी करायला मेंदू असली द्रव्यं बनवतो हे लोकांना ऐकून माहीत असतं. पण कानाच्या वाटेवर त्यांचं काय काम? ती तिथे नेमकं काय करतात? उंदरांच्या कानातल्या शंखासारख्या भागाच्या पातळ चकत्या कापत सरांनी हा प्रश्न निवृत्तीपर्यंत नेला आणि उत्तर न घेता घरी आले. त्या द्रव्यांना ते ‘घरची अफू’ म्हणत. त्यावरून आमच्या कामवाल्या मावशी मला एकदा दाराआड नेऊन हळूच म्हणाल्या, “ताई, सर अफूचं काम करायचे म्हणं. माणूस तर सरळ दिसतो.” मी म्हटलं, “उंदरांच्या कानातली अफू, मावशी.” त्यावर त्या आणखीच काळजीत पडल्या.

या विषयावर बोलायला सरांना माणूस निवडावा लागत नसे. गणपतीच्या आधी आमच्याकडे कॅनॉलच्या कडेच्या मोकळ्या जागेत ढोलपथकाचा सराव चालतो. सोसायटीतले सगळे मला फोन करून वैतागतात, जणू ढोल मीच बडवते आहे. सर मात्र एका संध्याकाळी कापसाची गुंडाळी आणि कात्री घेऊन तिथे गेले आणि प्रत्येक ढोलवाल्याच्या हातात दोन-दोन बोळे ठेवत सुटले. एका दणकट पोराने बोळे बघून विचारलं, “काका, हे काय, फर्स्ट एड?” सर म्हणाले, “नाही, लास्ट. याच्यानंतर काही उपाय नाही.” पोरगा हसला आणि म्हणाला, “काका, खरं सांगू का, सॉलिड किक बसते. एक दिवस प्रॅक्टिस नसली की डोकं एकदम रिकामं वाटतं.” झालं. सर तिथेच खाली बसले. “रिकामं म्हणजे कसं? शांत, की काहीतरी हरवल्यासारखं?” ढोल थांबले, ताशे थांबले, आणि त्या दिवशी आमच्या सोसायटीला सलग मोठी शांतता मिळाली. सेक्रेटरी म्हणून माझ्या कारकिर्दीतलं ते एकमेव यश, आणि ते सरांचं. परत आल्यावर मी विचारलं, “मग सर, ही किक म्हणजे तुमची घरची अफूच ना?” ते जिन्यात थबकले. “सिद्ध झालेलं नाही,” म्हणाले. माणूस असा की तीस वर्षं जे खरं असावं असं त्याला मनापासून वाटत होतं, ते एकदाही खरं आहे असं त्याने म्हटलं नाही. लग्नाच्या वाढदिवसाला कोणी म्हणालं, “सर, सुखाचा संसार झाला,” तर ते म्हणत, “तुलनेला दुसरा नाही.”

त्यांची सर्वांत प्रसिद्ध सवय म्हणजे बोट. प्रयोगशाळेशेजारच्या विभागात माणसांची श्रवणचाचणी होई, तिथे समोरच्याने बोलायचं नसे. आवाज ऐकू आला की फक्त बोट वर करायचं. सरांनी ही पद्धत घरी आणली आणि ती त्यांना इतकी पटली की ‘हो’ हा शब्दच त्यांनी वापरातून काढून टाकला. तुम्ही काही बोललात की त्यांचं उजव्या हाताचं पहिलं बोट वर जाई. याचा अर्थ ‘पटलं’ नाही, ‘करतो’ नाही. फक्त ‘आवाज पोचला.’ आमच्या सर्वसाधारण सभेत मी ठराव वाचला की यापुढे टँकरचं पाणी मीटरने द्यावं. सरांचं बोट वर. मग विरोधी बाजूच्या गृहस्थांनी मीटर अजिबात नको असा ठराव वाचला. सरांचं बोट वर. मी दोन्हीकडे त्यांचं मत मोजलं, आणि मतं माणसांपेक्षा जास्त भरली. तळमजल्यावरचे निवृत्त हेडक्लार्क म्हणाले, “सर, आपण नक्की कोणाच्या बाजूने?” सर म्हणाले, “दोघांचंही ऐकू आलं.” पुण्यात सभेला इतकं निःपक्षपाती वाक्य त्यापूर्वी कोणी बोललं नसावं. सभा तहकूब झाली.

या बोटाची खरी मालकीण म्हणजे काकू, सरांची बायको. काकू सरांच्या बरोबर उलट. गोल, हसऱ्या, अखंड बोलणाऱ्या. त्यांचं स्वयंपाकघर माझ्या दाराच्या अगदी समोर, त्यामुळे त्यांचं सगळं बोलणं मला फुकट मिळे. संध्याकाळी फोडणी टाकली की त्या आतून हाक मारत, “अहो, ऐकलंत का?” बाहेर वर्तमानपत्राच्या वर एक बोट उगवे. काकू चिमटा हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येत, ते बोट बघत, आणि आत जाऊन पुढचं बोलणं सुरू करत. ते ऐकलं जात होतं की नाही, हा वेगळा प्रश्न. “यांना उंदराच्या कानातलं सगळं कळतं,” त्या मला म्हणत, “माझ्या तोंडातलं एक कळत नाही. पण बोट आलं ना, की मला बरं वाटतं बाई. माणूस जागेवर आहे एवढं कळतं.”

काकू गेल्या त्याला आता बराच काळ झाला. त्यानंतर सरांचे कान झपाट्याने गेले. कोणी म्हणालं दुःखाने गेले, सर म्हणाले, “वयाने. दुःखाने कान जातात याला पुरावा नाही.” पण तेव्हापासूनच एक नवीन गोष्ट सुरू झाली. बेल वाजली की ते दार उघडत नसत, आणि वाजली नाही की उघडत. संध्याकाळी मी माझ्या दारात भाजी निवडत बसलेली असे, तर समोरचं दार अचानक उघडे, सर डोकं बाहेर काढत.

“कोण आहे?”

“कोणी नाही, सर.”

“असं होय,” म्हणून ते दार लावून घेत. पुन्हा थोड्या वेळाने, “कोण आहे?” “कोणी नाही, सर.” “असं होय.” एकदा मी विचारलंच, की हे काय चाललंय. त्यांनी खिशातून पेन काढून माझ्या हातातल्या टँकरच्या नोटिशीच्या पाठीवर चार खण काढले. आवाज झाला आणि माणूस म्हणाला ‘आला’, हा पहिला खण. झाला, पण म्हणाला ‘नाही’, हा दुसरा. झाला नाही तरी म्हणाला ‘आला’, हा तिसरा. याला चुकीचा होकार म्हणायचं. आणि झाला नाही, माणूसही म्हणाला ‘नाही’, हा चौथा. “मी सध्या दुसऱ्या आणि तिसऱ्यात असतो,” ते म्हणाले. “वाट बघणारा माणूस चुकीचे होकार जास्त देतो. यात नवीन काही नाही. हे मात्र सिद्ध झालेलं आहे.” ती नोटीस मग मी बोर्डावर लावली नाही. दुसरी छापून आणली.

गाडं अडलं ते दुसऱ्या खणामुळे. एका सकाळी मावशींनी त्यांची बेल वाजवली, मी वाजवली, तळमजल्यावरच्या हेडक्लार्कांनी येऊन दार बडवलं, फोन लावला. आत काही हालचाल नाही. बंगळुरूला त्यांच्या मुलाला फोन केला, किल्लीवाल्याला बोलावलं, त्याने कडी तोडली. आम्ही सगळे आत घुसलो तर सर खिडकीपाशी आमच्याकडे पाठ करून वाचत बसलेले. सावली पडली म्हणून वळले. सगळ्यांकडे एकदा बघून म्हणाले, “आत यायचं तर बेल वाजवायची पद्धत आहे.”

मुलगा त्याच संध्याकाळी विमानाने आला. मुलगा भला आहे. घाबरलेला माणूस जेवढ्या चढ्या आवाजात बोलेल तेवढ्याच चढ्या आवाजात बोलला. “बाबा, बास झालं. एक तर कानाला मशीन लावा, नाहीतर माझ्याबरोबर चला. हे घर विकून टाकू. ताई, तुम्हीच सांगा, मी रोज फोन हातात धरून बसू का?” मी काय सांगणार? त्याचं बरोबर होतं. फक्त घर विकण्याचं वाक्य आलं तेव्हा त्यांचं बोट वर गेलं. ऐकू आलं होतं.

मशीन लावायला त्यांचा नकार का, हे कोणालाच कळत नव्हतं. ज्याने जन्मभर कानावर काम केलं, तो माणूस कानाला यंत्र लावायला का तयार नसावा? महिन्याची मुदत देऊन मुलगा परत गेला, आणि ‘सर’ या ओळीपुढे मी ‘स्वारगेट, कान तपासणी’ एवढं लिहून टाकलं. दवाखान्यात चाचणी घेणारी मुलगी तरुण होती, उत्साही होती. “काका, बीप ऐकू आला की बटण दाबायचं हं.”

“बोट वर केलं तर?”

“नाही काका, सिस्टिम बटणच घेते.”

“सिस्टिम,” सर म्हणाले, आणि काचेच्या खोलीत जाऊन बसले. मी बाहेरून बघत होते. बटण हातात असूनही प्रत्येक वेळी आधी त्यांचं बोट वर जाई, मग आठवण होऊन अंगठा खाली. मध्येच त्या मुलीने माईकवरून मोठ्याने सांगितलं, “काका, आत्ता मी काहीच वाजवलं नव्हतं.” सर म्हणाले, “ठाऊक आहे. नोंद करा. चुकीचा होकार.” तिने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. दुसरं काय करणार.

मग तिने एक मशीन त्यांच्या कानाला लावून बघितलं. सरांचा चेहरा बदलला. त्यांनी वर बघितलं. “पंख्याला तेल हवंय,” म्हणाले. कागद चुरगळून बघितला. स्वतःच्या चपला फरशीवर घासून बघितल्या. मला वाटलं, जमलं. मुलीने हसून विचारलं, “काका, छान ना?” सर ऐकत होते. आमच्याकडे नव्हे, कुठेतरी आत, घरात कोणी आहे का याचा अंदाज घेतल्यासारखे. बराच वेळ ऐकत होते. मग त्यांनी मशीन काढलं, नीट पुसलं, टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, “नको.”

बाहेर पडून आम्ही चहाच्या दुकानात बसलो. तिथे त्यांनी मला कारण सांगितलं. बहिरा माणूस गुपित सांगायला लागला की आजूबाजूच्या टेबलांवरचा चहा थांबतो. तसा तो थांबला.

“ते लावल्यावर आतला आवाज गेला,” सर म्हणाले.

“कसला आवाज?”

“नुसती शिट्टी असते दिवसभर. कान गेलेल्या पुष्कळांना असते. बाहेरचा आवाज पुरेसा आला नाही की मेंदू आपल्या बाजूने आवाज वाढवत जातो, आणि मग नसलेलंही ऐकू येतं. पण संध्याकाळी, फोडणीच्या वेळेला, त्या शिट्टीतून ती बोलते. ‘अहो, ऐकलंत का?’ एवढंच.”

मी मोठ्याने विचारलं, मोठ्यानेच विचारावं लागायचं, “आणि पुढे?”

“पुढचं येत नाही.” त्यांनी बशीत चहा ओतला. “पुढचं मी कधी ऐकलेलंच नाही ना. मेंदू आणणार कुठून?”

शेजारच्या टेबलावरचे एक बुजुर्ग चाचा, पांढरी दाढी, पांढरी टोपी, आपला कप हातात धरून सरळ आमच्याकडे बघत होते. सरांना त्याचं काही नव्हतं. “हे भूतबीत नाही हं, सेक्रेटरीबाई,” ते म्हणाले. “मेंदूची खटपट आहे. त्यातून बरं का वाटतं, तिथे माझ्या अफूचा काही हात आहे का, ते मला सांगता येणार नाही. सबंध नोकरीत उंदीर कापले. उंदराला विचारता येत नाही की तुला बरं वाटतंय का. आता विचारता येईल असा एक प्राणी हाताशी आहे, तर प्रयोगशाळा नाही. मशीन लावलं की ही हाक जाणार. बंगळुरूला गेलो तरी जाणार. तिने ते घर पाहिलेलंच नाही. म्हणजे दोन्हीकडून जाणार. फक्त कशाने घालवायची तेवढं ठरवायचंय.”

मी गोष्टी सोडवणारी बाई आहे. नवरा नोकरीसाठी नागपूरला, लेक हैदराबादला. गोष्टी सोडवल्या नाहीत तर मी दिवसभर करू काय? कपातला चहा संपेपर्यंत माझ्या डोक्यात तक्ता तयार झाला होता. “सर,” मी म्हटलं, “मशीन दिवसभर लावायचं. संध्याकाळी एक तास काढून ठेवायचं. त्या तासात तुमचं दार उघडं आणि माझं दार उघडं. बेल वाजली, कोणी आलं, गॅस राहिला, तर मी आहे समोर. मुलाला मी सांगते.”

सरांनी बशीतला चहा संपवला. मग म्हणाले, “पद्धत म्हणून वाईट नाही.” त्यांच्या तोंडून याहून मोठी स्तुती मी ऐकलेली नाही. आम्ही उठलो तेव्हा त्या चाचांनी सरांकडे बघून हात कपाळापाशी नेला. सरांनी बोट वर केलं. तो सलाम पोचला म्हणून.

मुलाला तक्ता पटला. घर राहिलं. मशीन आलं, आणि त्याच्याबरोबर माझ्यामागे एक नवं शुक्लकाष्ठ. इतकी वर्षं तुंबलेले आवाज सरांना एकदम ऐकू यायला लागले आणि त्या सगळ्यांची तक्रार सेक्रेटरीकडे. पाण्याच्या पंपाचा सूर उतरला आहे. तिसऱ्या मजल्यावरचा मिक्सर माणसाच्या सहनशक्तीपलीकडे आहे. हेडक्लार्क जिना चढताना देवाचं नाव घेतात असा आपला समज होता. ते देवाचं नाव नाही. एक दिवस तर माझ्याच दारात येऊन उभे राहिले. “सेक्रेटरीबाई, आपण पोळ्या करताना गाता. हे मला आधी ठाऊक नव्हतं.”

“मग, कसं वाटतं?”

“आधी ठाऊक नव्हतं ते बरं होतं.”

आता त्यांचं दार बेल वाजली तरच उघडतं. “कोण आहे?” असं विनाकारण विचारणारं डोकं बाहेर येत नाही. संध्याकाळी फोडणीच्या वेळेला मात्र ते मशीन काढून डबीत ठेवतात, दार उघडं टाकतात आणि वर्तमानपत्र घेऊन बसतात. मी माझ्या दारात भाजी निवडत असते. सुरुवातीला त्या तासात वर्तमानपत्राच्या वर बोट वरचेवर दिसायचं. मग कमी झालं. एकदा मशीन पुन्हा कानाला लावता लावता ते सहज सांगितल्यासारखं म्हणाले, “होणारच होतं. बाहेरचा माल मिळायला लागल्यावर मेंदू घरी कशाला बनवेल.” आणखी काही दिवसांनी म्हणाले, “आज सगळा चौथा खण.” म्हणजे कोणी बोललं नाही, आणि कोणी बोललं नाही हे त्यांना बरोबर कळलं. शास्त्राच्या दृष्टीने उत्तर अचूक. मी विचारलं नव्हतं. मी कधीच विचारत नाही.

हल्ली कित्येक संध्याकाळी नुसतं वर्तमानपत्र दिसतं. पानं उलटतात, वर काही येत नाही. तास संपतो, डबी उघडते, दार लागतं. मग मीही माझं लावून घेते.

काल मी फोडणीत मोहरी टाकली आणि गॅस बारीक करून दाराशी आले. समोर वर्तमानपत्र होतं, आणि त्याच्या वर बोट. सरळ, ताठ. मी जिन्यात बघितलं. जिन्यात कोणी नव्हतं. लिफ्ट खाली होती. माझ्या हातात चिमटा होता.

काकू असत्या तर बोट बघून आत गेल्या असत्या. मीही गेले.